स्लोव्हेनियाला निघताना अंतर नव्हे, वार बघा

नकाशावर स्लोव्हेनिया बघितला की वाटतं, एवढासा देश, दोन दिवसांत उरकेल. क्षेत्रफळ २०,२७१ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साधारण २१ लाख, म्हणजे एकट्या नागपूर शहरातही याहून जास्त माणसं राहतात. सहल कंपन्यांच्या पत्रकात हा देश बहुतेक वेळा ऑस्ट्रिया नाहीतर क्रोएशियाच्या शेपटीला बांधलेला असतो. सकाळी ब्लेडचं तळं, दुपारी पोस्तोय्नाची गुहा, रात्रीचा मुक्काम पुढच्या देशात. फोटो मिळतात, पण देश मिळत नाही.

स्वतः आखून जाणाऱ्यांची अडचण वेगळी असते. ते किलोमीटर मोजून बेत करतात. ल्युब्ल्याना या राजधानीहून देशातल्या बहुतेक ठिकाणी दोन-अडीच तासांत पोचता येतं हे खरं आहे, पण अंतरामुळे इथे कुणाचा बेत फसत नाही. तो फसतो रविवारी दुकानं बंद असल्यामुळे, शनिवारी शेवटची बस लवकर सुटून गेल्यामुळे, सोमवारी संग्रहालयाला टाळं असल्यामुळे आणि ज्या खानावळीसाठी वाट वाकडी केली तिची सुट्टी नेमकी मंगळवारी निघाल्यामुळे. म्हणून कागदावर आधी वार लिहा, मग त्यांच्यासमोर गावं. ते कसं, हे पुढे ओघाने येईलच.

आधी व्हिसा

स्लोव्हेनिया २००७ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि त्याच वर्षापासून तिथे युरो चालतो. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात सर्वात जास्त रात्री काढणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. याचा अर्थ स्लोव्हेनियात पाच आणि इटलीत तीन रात्री असतील तर विमान व्हेनिसला उतरत असलं तरी अर्ज स्लोव्हेनियाचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मे ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर पंधरा दिवसांवर विसंबू नका, भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात. फी प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याखालच्यांना नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.

एक गोंधळ टाळा. स्लोव्हाकिया हा वेगळा देश आहे, त्याची राजधानी ब्रातिस्लाव्हा. फोनवर एजंटशी बोलताना, विमा काढताना, हॉटेल ठरवताना देशाचं नाव अक्षरं लावून वाचून घ्या. नावांची ही अदलाबदल साऱ्या जगात होते आणि दोन्हीकडच्या लोकांना तिचा कंटाळा आलेला आहे.

भारतातून ल्युब्ल्यानाला थेट विमान नाही. इस्तंबूल, फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला बदलून ल्युब्ल्यानाजवळच्या ब्रनिक विमानतळावर उतरता येतं, पण दर पुष्कळदा जास्त पडतो. त्यापेक्षा व्हेनिस, झाग्रेब किंवा व्हिएन्नाचं तिकीट बघा आणि पुढे बसने जा. झाग्रेबहून ल्युब्ल्याना जेमतेम १४० किलोमीटर आहे आणि २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आल्यामुळे तोच व्हिसा चालतो. मात्र सीमेवर पोलीस बसमध्ये चढून कागद बघू शकतात, तेव्हा पासपोर्ट हाताशी ठेवा, बसच्या पोटातल्या बॅगेत नको. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली आहे. युरोपातल्या पहिल्या विमानतळावर त्यासाठी रांग लागते, म्हणून तिथलं पुढचं विमान तास-दीड तासावर घेऊ नका.

हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडची तुमची नोंद हॉटेलच करतं. नातेवाईक किंवा मित्राच्या घरी राहणार असाल तर मात्र तीन दिवसांच्या आत नोंद व्हायला हवी. यजमानाला आठवण करा.

मुक्काम मोजक्याच ठिकाणी

रोज बॅगा बांधायच्या नाहीत. आठवडा असेल तर तीन रात्री ल्युब्ल्याना, तीन रात्री ब्लेड किंवा बोहिन्य, आणि उरलेली रात्र समुद्राकाठच्या पिरानला, हे माझ्या मते सर्वात चांगलं गणित. ल्युब्ल्यानाहून गुहा, श्कोफ्या लोका आणि प्तुय ही जुनी गावं असं सगळं दिवसाच्या दिवसात होतं.

ब्लेड की बोहिन्य? ब्लेड दिसायला अप्रतिम आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. बोहिन्य तिथून बसने पाऊण तासावर, ट्रिग्लाव राष्ट्रीय उद्यानाच्या आत, तळं मोठं, गाव लहान. मी बोहिन्यला राहून ब्लेडला एक दिवस जाईन. लहान मुलं किंवा गुडघ्याने त्रस्त आई-बाबा बरोबर असतील तर उलट करा, कारण ब्लेडला सपाट रस्ता, दुकानं आणि दवाखाना जवळ आहे.

आणखी एक पर्याय आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो, तो म्हणजे शेतावरचा मुक्काम. तिकडे त्याला ‘तुरिस्तिच्ना क्मेतिया’ म्हणतात. आपल्याकडच्या कृषी पर्यटन केंद्राचाच हा भाऊ: शेतकऱ्याचं घर, गोठा, घरचं लोणी, मालकीणबाईंच्या हातचं जेवण. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच लिहून कळवा, त्या दिवशी जाऊन सांगितलंत तर चुलीवरचं भांडं आधीच चढलेलं असतं. अशा ठिकाणी गाडी असेल तरच जा, बस बहुधा गावाच्या फाट्यावर सोडून जाते.

कुठेही राहिलात तरी माणशी, रात्रीमागे थोडा पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो. काही ठिकाणी तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो.

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. पाऊस केव्हाही येतो, बोहिन्यचं खोरं तर देशातल्या सर्वात पावसाळी भागांपैकी आहे. छत्रीपेक्षा टोपीचं जॅकेट कामाला येतं. शरदात ल्युब्ल्यानावर सकाळभर धुकं बसतं, आणि थंडीत कार्स्ट या चुनखडीच्या पठारावर ‘बुर्या’ नावाचा वारा सुटतो तेव्हा मोठे ट्रक अडवून ठेवतात.

वारांचा हिशेब

रविवारी आणि सरकारी सुट्टीला किराणा दुकानं, सुपरमार्केट, मॉल सगळं बंद. २०२० मध्ये तसा कायदाच झाला. पेट्रोल पंप, रेल्वे स्थानक, विमानतळ आणि इस्पितळाजवळची छोटी दुकानं तेवढी उघडी असतात. तेव्हा शनिवारी दुपारीच दूध, पाव, फळं घेऊन ठेवा. हॉटेलं आणि कॅफे मात्र रविवारी चालू असतात, शिवाय त्या दिवशी दुपारी स्थानिक कुटुंबं जेवायला बाहेर पडतात, म्हणून चांगल्या ठिकाणी जागा आधी सांगून ठेवावी.

शनिवार-रविवारी बसच्या फेऱ्या निम्म्याहून कमी होतात, काही खेड्यांकडे एकही जात नाही. म्हणून रविवार हा ल्युब्ल्यानात पायी भटकण्याचा किंवा तळ्याकाठी बसण्याचा दिवस ठेवा, लांबच्या प्रवासाचा नाही. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, त्या दिवशी गुहा बघा. शुक्रवारी ल्युब्ल्यानाच्या बाजार चौकात साधारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस नसेल तर, उघड्यावर जेवणाच्या टपऱ्या लागतात. देशभरचे स्वयंपाकी तिथे आपापले पदार्थ करतात, आणि एकाच संध्याकाळी चाखून बघायला याहून सोपी जागा नाही.

सुट्ट्यांची यादी आधी बघून घ्या. १ आणि २ मे या जोडसुट्टीत सारा देश डोंगराकडे निघालेला असतो. ८ फेब्रुवारीला कवी फ्रान्त्से प्रेशेरेन यांच्या पुण्यतिथीची सुट्टी असते आणि बऱ्याच संग्रहालयांत प्रवेश मोफत मिळतो. कवीच्या पुण्यतिथीला सरकारी सुट्टी देणाऱ्या देशाबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. १ नोव्हेंबरला लोक कबरींवर मेणबत्त्या लावतात. त्या संध्याकाळी स्मशानभूमी बघण्यासारखी असते, पण कॅमेरा खिशात ठेवून.

बस, रेल्वे की गाडी

ल्युब्ल्यानाचं बस स्थानक आणि रेल्वे स्थानक एकमेकांसमोर आहेत. ब्लेडला बसनेच जा, सव्वा तासात तळ्याजवळ उतरवते. रेल्वेने गेलात तर लेस्त्से-ब्लेड नावाचं स्थानक लागतं, तिथून तळं चार किलोमीटर दूर आहे. ब्लेड येझेरो नावाचं दुसरं स्थानक तळ्याच्या जवळ आहे खरं, पण ते येसेनित्से ते नोव्हा गोरित्सा या वेगळ्या मार्गावर. तो मार्ग स्वतःच एक सहल आहे. १९०६ मध्ये सुरू झालेली ही डोंगरातली रेल्वे सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून जाते, पुढे सोचा नदीचं हिरवंनिळं पाणी दिसू लागतं आणि सोल्कानजवळ ८५ मीटर रुंद दगडी कमानीचा पूल येतो. दुरुस्तीसाठी मार्ग बंद असेल तर रेल्वेऐवजी बस देतात, आणि तसं असेल तर जाण्यात काही अर्थ नाही. आदल्या दिवशी रेल्वेच्या संकेतस्थळावर बघा.

पोस्तोय्नाच्या गुहेलाही बसच बरी, ती गुहेच्या जास्त जवळ थांबते का ते तिकीट काढतानाच विचारा. रेल्वे स्थानक गावाच्या एका टोकाला आहे आणि गुहा दुसऱ्या.

गाडी घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. महामार्गासाठी ई-विन्येता लागते. हा टोल नाक्यावर भरायचा नसून मुदतीचा असतो, गाडीच्या नंबरवर आधीच ऑनलाइन घ्यायचा. स्लोव्हेनियात भाड्याने घेतलेल्या गाडीला तो बहुतेक वेळा असतो, इटलीत किंवा क्रोएशियात घेतलेल्या गाडीला नसतो. कॅमेरे टिपतात आणि दंड चांगलाच जबर आहे. दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे. वेग गावात ५०, बाहेर ९०, महामार्गावर १३०. झेब्रा पट्टीशी माणूस उभा दिसला की थांबायचंच. व्हर्शिच घाट (१,६११ मीटर, पन्नास हेअरपिन वळणं) हिवाळ्यात बर्फामुळे बंद होतो. ज्यांनी आंबोली-वरंधा चालवला आहे त्यांना तो जड जाणार नाही, फक्त सायकलवाल्यांना ओलांडताना घाई करू नका.

ल्युब्ल्यानाच्या मध्यभागात २००७ पासून गाड्यांना बंदी आहे. ज्यांना पायी चालणं जमत नाही अशांसाठी ‘काव्हालिर’ नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या फुकट फिरतात, हात केला की थांबतात. शहर बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, उर्बाना कार्ड घ्या.

जेवण: शाकाहाऱ्यांनी नीट वाचावं

पाण्याची बाटली विकत घेऊ नका. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, शहरात ठिकठिकाणी प्यायच्या पाण्याचे नळ आहेत. २०१६ मध्ये पिण्याच्या पाण्याचा हक्क या देशाने थेट राज्यघटनेत घातला.

साधी खानावळ म्हणजे ‘गोस्तिल्ना’. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी तिथे ठरलेलं जेवण मिळतं, सूप, मुख्य पदार्थ आणि कोशिंबीर, रात्रीच्या दरापेक्षा बरंच स्वस्त. दोन-अडीचनंतर ते संपतं. रात्री स्वयंपाकघर साधारण नऊला आवरायला घेतात, तेव्हा साडेनवाला सहकुटुंब जाऊन ‘काहीतरी गरम द्या’ असं चालत नाही. पुष्कळ गोस्तिल्ना आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात, जाण्याआधी फोन करा.

आता अडचणीचा भाग. इथल्या पदार्थात मांस दिसत नाही म्हणजे ते नाही असं नव्हे. कुट्टूच्या पिठाची उकड असते ना, तसे ‘आयदोवी झ्गान्त्सी’ ऐकायला शुद्ध शाकाहारी वाटतात, पण वरून डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालतात. त्यांना ‘ओत्स्वीर्की’ म्हणतात. हा शब्द पाठ करा, तो मेनूवर बऱ्याच ठिकाणी लपलेला असतो. इद्रियाचे ‘झ्लिक्रोफी’ म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली छोटी मोदकासारखी पुरचुंडी, पण सारणात चरबी असते. ‘योता’ हे राजमा आणि आंबवलेल्या कोबीचं दाट सूप, त्यात बहुधा धुरावलेलं डुकराचं मांस. ‘मास्त’ म्हणजे चरबी. ‘ब्रेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, ‘ब्रेझ यायत्स’ म्हणजे अंड्याशिवाय. ‘ब्रेझ ओत्स्वीर्कोव’ म्हटलंत तर वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर कौतुक दिसेल, आणि तो खात्री करून सांगेल.

निर्धास्तपणे काय खावं? रानमशरूमचं सूप, ‘श्त्रुक्लयी’ नावाच्या ताज्या चीजच्या गुंडाळ्या (गोड आणि तिखट-मीठ दोन्ही, वर काय घालतात ते विचारून), चीजचा ‘बुरेक’ म्हणजे पातळ पदरांत सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल घातलेली कोशिंबीर. ते तेल खमंग लागतं, शेंगदाण्याच्या चटणीवर वाढलेल्या जिभेला लगेच आवडतं. इटली शेजारी असल्यामुळे पिझ्झा सगळीकडे आणि चांगला. सुपरमार्केटमध्ये ‘स्कुता’ नावाचं घट्ट चीज मिळतं, आपल्या चक्क्याच्या जवळचं. भाड्याच्या घरात राहत असाल आणि वेलची बरोबर असेल तर साखर घालून बऱ्यापैकी श्रीखंड होतं.

मांसाहारींसाठी एकच सूचना: ‘कोन्यस्को’ म्हणजे घोड्याचं मांस. तिथे ते राजरोस खातात, बर्गरमध्येही असतं. नको असेल तर शब्द लक्षात ठेवा. ‘स्विन्यिना’ डुक्कर, ‘गोवेदिना’ गाय-बैल, ‘पिश्चानेत्स’ कोंबडी, ‘रिबा’ मासा.

गोडात अक्रोडाचं सारण गुंडाळून केलेली ‘पोतित्सा’ घ्या, ती सणाची आहे. ब्लेडची ‘क्रेम्ना रेझिना’ म्हणजे क्रीमचा चौकोनी केक, १९५३ पासून तिथल्या हॉटेल पार्कमध्ये होतो. दोन्हींत अंडी असतात. सगळे ब्लेडच्या केकचे फोटो टाकतात, पण मला विचाराल तर पोतित्साच सरस.

बक्षिशी सक्तीची नाही. बिल वरच्या पूर्ण आकड्याला नेतात, सेवा छान असेल तर दहा टक्क्यांपर्यंत. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी सुटे युरो ठेवा. स्वच्छतागृह, होडी, शेतकऱ्याचा स्टॉल यांना ते लागतात.

रीतभात

दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरताना ‘डोबेर डान’ म्हणायचं, निघताना ‘ना स्विदेन्ये’. न बोलता आत जाऊन वस्तू हाताळायला लागणं तिथे उद्धट समजतात. अनोळखी आणि वडीलधाऱ्यांशी आदरार्थी बोलायची पद्धत त्यांच्याकडेही आहे, आणि सलगी झाल्यावर एकेरीवर येण्याचं आमंत्रण वयाने मोठा माणूस देतो. ‘ह्वाला’ म्हणजे आभार, ‘प्रोसिम’ म्हणजे कृपया. जेवताना शेजाऱ्याला ‘डोबेर टेक’. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासात सरबत असलं तरी. तरुण मंडळी उत्तम इंग्रजी बोलतात, समुद्राकाठी इटालियन चालतं.

घरी बोलावलं तर वेळेवर जा. दारात चपला-बूट काढायचे, हे आपल्याला शिकवावं लागत नाही, पण ते घरात घालायला ‘त्सोपाती’ म्हणजे सपाता देतात, त्या घालाव्यात. फुलं न्यायची तर विषम संख्येत, आणि शेवंती चुकूनही नाही. आपल्याकडे देवाला वाहायची शेवंती तिथे १ नोव्हेंबरला कबरीवर ठेवतात. भारतातून चहा, मसाल्याचा डबा किंवा छोटी हातमागाची वस्तू नेलीत तर फार खूश होतात.

रात्री दहानंतर शांतता पाळतात. बस-रेल्वेत स्पीकरवर व्हिडिओ कॉल लावणं, डब्याच्या या टोकाकडून त्या टोकाला हाका मारणं याने माना वळतात, तोंडाने कुणी काही बोलणार नाही. गट मोठा असेल तर हे आधीच घरच्यांना सांगून ठेवा.

कुरणातून चालत फोटो काढायचा मोह होतो. ते गवत म्हणजे कुणाच्या तरी गाईंचा हिवाळ्याचा चारा आहे, कडेच्या वाटेनेच जा. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा, भाड्याच्या घरात मालक तक्ता चिकटवून ठेवतो, तो वाचा.

गरम पाण्याच्या झऱ्यांवरची स्नानगृहं, म्हणजे ‘तर्मे’, इथे खूप आहेत. तलावात पोहण्याचा पोशाख लागतो, पण सौनाच्या, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्यांच्या, भागात स्त्री-पुरुष एकत्र आणि विवस्त्र असतात, फक्त टॉवेल. पाटी न वाचता आत गेलात तर गडबडून जाल. नको वाटलं तर फक्त तलावाचं तिकीट काढा.

देशाला सरसकट ‘युगोस्लाव्हिया’ किंवा ‘बाल्कन’ म्हणू नका. २५ जून १९९१ ला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि लगेच दहा दिवसांचं युद्ध झालं. पन्नाशीपुढच्या माणसाला त्याबद्दल विचारलंत आणि ऐकून घेतलंत तर तो मनापासून बोलतो.

चार ठिकाणं, थोडक्यात

ब्लेडच्या तळ्याला पायी वळसा सहा किलोमीटरचा, सावकाश दोन तास. बेटावर जायला ‘प्लेत्ना’ नावाची हाताने वल्हवायची नाव असते, कारण तळ्यात इंजिनाच्या बोटींना मनाई आहे. बेटावर ९९ पायऱ्या आहेत, आणि लग्नाच्या दिवशी नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायच्या अशी रीत. सर्वांत सुंदर दृश्य किल्ल्यावरून नाही, समोरच्या ओसोय्नित्सा टेकडीवरून दिसतं. चढ उभा आहे, पहाटे जा.

गुहांपैकी एकच बघायची तर पोस्तोय्ना की श्कोत्स्यान हा प्रश्न येतोच. पोस्तोय्नात छोटी रेल्वे आत नेते, चालणं कमी, मुलं आणि ज्येष्ठांना सोयीचं, आणि ‘मानवी मासा’ म्हणवणारा आंधळा, फिकट प्रोतेउस नावाचा प्राणी तिथे बघायला मिळतो. श्कोत्स्यान १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जमिनीखाली प्रचंड दरी, तळाशी गर्जणारी रेका नदी आणि तिच्यावरून ४५ मीटर उंचीचा पूल. पाचशेवर पायऱ्या चढायच्या, आत फोटो काढता येत नाहीत. पायात ताकद असेल तर मी डोळे मिटून श्कोत्स्यान सांगेन. दोन्हीकडे उन्हाळ्यातही तापमान १० ते १२ अंश असतं, स्वेटर न्याच.

पिरानमध्ये गाडी आत नेता येत नाही, बाहेर ठेवून चालत जा. मधला लंबगोल चौक पूर्वी बंदराचा भाग होता, १८९४ मध्ये तो बुजवला. ल्युब्ल्यानात वास्तुकार योझे प्लेचनिक यांनी घडवलेलं शहर बघा: तिहेरी पूल, बाजाराची खांबांची ओळ, राष्ट्रीय ग्रंथालय. २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांचं ल्युब्ल्यानातलं काम जागतिक वारसा यादीत घेतलं.

डोंगरात जाताना

ट्रिग्लाव (२,८६४ मीटर) आयुष्यात एकदा तरी चढावा असं स्लोव्हेनियन माणूस मानतो. आपले सह्याद्रीत तयार झालेले ट्रेकर तिथे उत्साहाने जातात. शेवटचा टप्पा लोखंडी दोर आणि खुंट्यांचा आहे, हार्नेस आणि हेल्मेट लागतं, वाटाड्या घ्या. उन्हाळ्यात दुपारी विजांचं वादळ येतं, म्हणून पहाटे निघून दुपारपर्यंत खाली यायचं. वाटेवरच्या खुणा सोप्या आहेत, लाल वर्तुळाच्या आत पांढरा ठिपका. समोरून येणाऱ्याला अभिवादन करायचं. डोंगरातल्या निवाऱ्यात स्वतःची झोपायची चादर न्यायची, बूट दाराशी ठेवायचे आणि आपला कचरा खाली आणायचा. उंचावरचे निवारे साधारण जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच उघडे असतात.

एवढं नको असेल तर काम्निकजवळचं वेलिका प्लानिना हे गुराख्यांच्या लाकडी झोपड्यांचं पठार रज्जुमार्गाने गाठता येतं. बोहिन्यला सावित्सा धबधब्यापर्यंत पाचशेहून थोड्या जास्त पायऱ्या आहेत.

कमी उंचीवरच्या झाडीत आणि गवतात गोचिडी असतात, आणि त्यांच्या चाव्यातून मेंदूज्वर आणि लाइम रोग होतो. स्लोव्हेनियात या रोगांचं प्रमाण युरोपात वरच्या पातळीवर आहे. पूर्ण पँट घाला, ती मोज्यांत खोचा, संध्याकाळी मुलांची मान, काखा, गुडघ्यामागचा भाग तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने त्वचेच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढा, तेल-तूप लावू नका. नंतर लाल वर्तुळ उठलं तर डॉक्टर. आपत्कालीन क्रमांक ११२, पोलीस ११३. औषधं फक्त ‘लेकार्ना’त मिळतात आणि अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाही, तेव्हा नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसह भारतातूनच न्या.

सामान आणि खरेदी

आपली दोन गोल पिनांची चार्जरं तिथे चालतात, तीन पिनांना अडॅप्टर लागतो.

खरेदीत मध पहिला. ही मधमाशीपालकांची भूमी आहे: २० मे हा जागतिक मधमाशी दिन स्लोव्हेनियाच्याच पुढाकाराने ठरला, आंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधमाशीपालकाच्या जन्माशी जोडून. चेस्टनट, लिंडन आणि जंगलाच्या मधाची चव इतकी वेगळी असते की दुकानदार चमच्याने चाखायला देतो. चेस्टनटचा किंचित कडवट लागतो, घरच्यांना विचारून घ्या. मधमाशांच्या पेट्यांच्या रंगवलेल्या पाट्या, त्यांच्या छोट्या प्रती, रादोव्ल्यित्साच्या संग्रहालयात मिळतात. सेचोव्ल्येच्या मिठागरातलं मीठ, भोपळ्याच्या बियांचं तेल आणि इद्रियाची हातविणीची लेस हेही नेण्याजोगं. मध आणि तेल दोन्ही केबिनमधल्या बॅगेत अडवतात, तेव्हा बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत, आणि झाकणाभोवती चिकटपट्टी.